गणपतीत आलेलं साठ दिवसांचं पत्र

हे प्रकरण २०२४ चं, इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स भागातलं. कुटुंबाच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं घातलेलीच नाहीत. इथली मराठी मंडळी बाईंना ‘सिस्टर’ म्हणतात आणि त्यांच्या यजमानांना ‘दादा’, तेच इथे वापरतो. माझा संबंध कागद लावायला मदत करण्यापुरता आणि फोनवर सोबत बसण्यापुरता. त्या देशात नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देण्याचं काम चालवणं गुन्हा आहे, मग तो सल्ला फुकट का असेना. त्यामुळे खाली जे निर्णय आहेत ते त्या दोघांचे, आणि कायद्याची बाजू नोंदणीकृत सल्लागाराने सांगितलेली. मतं मात्र माझी आहेत.

पार्श्वभूमी

सिस्टर मिरज तालुक्यातल्या. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून सांगली-मिरजेच्या खासगी दवाखान्यांत नऊ वर्षं नोकरी, त्यातली चार आयसीयूत. दादा बी.कॉम., बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघायचे. एक मुलगा. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करचं काम परदेशी कामगारांना खुलं केलं आणि त्यानंतर वर्षभरात ‘नर्सिंग झालंय? यूकेला चला, फॅमिलीसह’ अशा जाहिराती आपल्याकडे फोनाफोनांवर फिरायला लागल्या. यांनी पुण्यातला एक एजंट गाठला. त्याने १३ लाख घेतले. काही सोनेतारणावर उभे केले, बाकीचे सासऱ्यांच्या नावावर पतसंस्थेतून.

जुलै २०२३ मध्ये तिघं एकत्रच उतरले. व्हिसा तीन वर्षांचा. सिस्टरांचा हेल्थ अँड केअर वर्करचा, दादा आणि मुलगा डिपेंडंट, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय. काम वयस्कर लोकांच्या घरी जाऊन करायचं: अंघोळ, औषधं, जेवण, उचलून खुर्चीत बसवणं. दोन माणसांची गरज असलेल्या घरी त्या जोडीने जायच्या आणि जोडीदारीण गाडी चालवायची. ही गाडीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिने बरंच अडवलं.

दादांना लगेच एका वेअरहाऊसमध्ये काम मिळालं. मुलगा सरकारी शाळेत. पहिलं वर्ष बरं गेलं. ‘बरं’ म्हणजे हप्ता वेळेवर, महिन्याला थोडं शिल्लक, आणि आयसीयू सांभाळलेल्या बाईने डायपर बदलायचं म्हणून मनात असलेली खंत, जी त्या कुणाला बोलून दाखवत नसत.

अडचण कशी उभी राहिली

करारात आठवड्याला ३९ तास लिहिले होते. मे २०२४ पासून रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, पातळ होत गेला. तीस तास, मग बावीस, एका आठवड्यात चौदा. मॅनेजर म्हणायची, कौन्सिलकडून (तिथल्या पालिकेकडून) पेशंट कमी येताहेत. पगार जेवढे तास तेवढाच. वीस-बावीस बायकांपैकी कुणी तोंड उघडलं नाही, कारण ज्याच्या हातात स्पॉन्सरशिप त्याच्याशी वाद कोण घालणार?

इथे व्यवस्था समजून घ्यायला हवी. ब्रिटनमध्ये मालकाला परदेशी कामगार ठेवायचा तर होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं, स्पॉन्सर लायसन्स लागतं. त्या लायसन्सवर तो प्रत्येक कामगारासाठी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढतो, ज्याला सगळे नुसतं ‘सीओएस’ म्हणतात. कामगाराचा व्हिसा या सीओएसला बांधलेला असतो. मालकाने काम न देता माणसं आणली, कमी पगार दिला, नोंदी ठेवल्या नाहीत, तर होम ऑफिस आधी लायसन्स स्थगित करतं, मग रद्द. शिक्षा मालकाला, पण व्हिसा जातो कामगाराचा. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातली ४७० हून जास्त लायसन्स रद्द झाली आणि त्या मालकांशी जोडलेले कामगार ३९ हजारांहून जास्त होते, हा सरकारचाच आकडा.

ऑगस्टमध्ये कंपनीने ‘ऑडिट चालू आहे, काळजी नको’ असा मेसेज टाकला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिफ्ट पूर्ण बंद. मग एका मल्याळी सहकारी बाईंना होम ऑफिसचं पत्र आलं, दुसरीला आलं, तिसरीला आलं. सिस्टरांना नाही. ‘आपल्याला सोडलं वाटतं,’ असं घरात दोन दिवस चाललं होतं.

सोडलं नव्हतं. पत्र ९ सप्टेंबरलाच, गणेश चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी, ईमेलने निघालं होतं. ते गेलं एजंटच्या पत्त्यावर. व्हिसाचा अर्ज त्याने भरला होता आणि ईमेलच्या रकान्यात स्वतःचाच पत्ता टाकला होता. फोन केला तर म्हणाला, बघतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, नवीन सीओएस करून देतो, आठ हजार पौंड होतील. शेवटी दादांचे मेहुणे त्याच्या ऑफिसात जाऊन बसले, तेव्हा कुठे मेल पुढे आला. तो दिवस १८ सप्टेंबर. पत्रात लिहिलं होतं की तिघांचीही राहण्याची मुदत पत्राच्या तारखेपासून साठ दिवसांनी, ८ नोव्हेंबर २०२४ ला संपेल. त्या तारखेपर्यंत नवा अर्ज करा किंवा देश सोडा.

म्हणजे हातात साठ नव्हे, एकावन्न दिवस. आणि सिस्टरांना या काळात कमवायला बंदी. त्या व्हिसावर आठवड्याला वीस तासांपर्यंत दुसरं काम करता येतं, पण मूळ काम चालू असेल तरच. मूळ काम थांबलं की तेही थांबलं.

दादांचं तसं नव्हतं. डिपेंडंट जोडीदाराला कुठेही, पूर्णवेळ काम करता येतं आणि हा हक्क मुदत असेपर्यंत टिकतो. घरात त्या रात्री हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दादा दुसऱ्या दिवशी कामावर गेलेच नाहीत, पोलीस धरतील म्हणून. शिफ्ट बुडाली, शंभरेक पौंड गेले. भीतीपोटी हक्काचं काम सोडणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत.

पैशाचा हिशेब

पर्यायांकडे जाण्याआधी त्यांनी वहीत मांडलेलं गणित, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातून निघाले. दादांना ताशी ११.४४ पौंड, म्हणजे त्या वर्षीचं किमान वेतन. चाळीस तासांचे, कर कापून, महिन्याला साधारण सतराशे. घरभाडं ८५०. कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, फोन, बस मिळून चारशेच्या आसपास. किराणा अडीचशे. पतसंस्थेचा हप्ता २२ हजार रुपये, म्हणजे दोनशे पौंड. शिल्लक शून्य. बँकेत होते २,६०० पौंड. सरकारी मदत घ्यायची नाही, ही अट व्हिसावरच असते.

त्यात मुलगा सप्टेंबरमध्ये यत्ता तिसरीत गेलेला. इंग्लंडच्या सरकारी शाळांत दुसरीपर्यंत दुपारचं जेवण सगळ्यांना मोफत, तिसरीपासून पैसे. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी आपणहून सांगितलं की मिळकत कमी असेल तर या व्हिसावरच्या मुलांनाही मोफत जेवण मिळतं, फॉर्म भरा. तो मंजूर झाला. रक्कम किरकोळ, पण सिस्टर अजून त्या बाईंचं नाव काढतात.

पर्याय

पहिला, परत जायचं. दादांचा सुरुवातीला हाच कल. पण कर्जाचे अजून साडेआठ लाख बाकी होते आणि मिरजेत सिस्टरांचा पगार अठरा-वीस हजार. त्याहून मोठी गोष्ट नियमाची. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करला नवरा-बायको-मुलं सोबत आणता येत नाहीत. त्या तारखेआधी या व्हिसावर असलेले लोक देशातल्या देशात मालक बदलत राहिले तर त्यांचे डिपेंडंट टिकतात. म्हणजे तिघं परत गेले आणि सहा महिन्यांनी सिस्टरांना पुन्हा काम मिळालं, तर त्यांना एकटीने यावं लागलं असतं. घरी जाण्याचा पर्याय ‘थोडं थांबून पुन्हा येऊ’ असा नव्हताच. हे कळल्यावर दादांनी तो विषय बाजूला ठेवला.

दुसरा, स्टुडंट व्हिसा. व्हॉट्सॲपवर रोज दोन एजंट हे विकत होते. पण १ जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला डिपेंडंट बंद, फक्त संशोधनाच्या अभ्यासक्रमांना चालतात. फी वेगळी, आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. विकणारे डिपेंडंटची गोष्ट सांगत नव्हते, विचारल्यावर ‘ते नंतर बघू’ म्हणत होते.

तिसरा, दादांनी मुख्य अर्जदार व्हायचं. एप्रिल २०२४ पासून नव्या स्किल्ड वर्करसाठी सर्वसाधारण पगाराची अट तेव्हा ३८,७०० पौंड होती. वेअरहाऊसमध्ये ती गाठणं शक्य नव्हतं. पाच मिनिटांत संपला.

चौथा, सिस्टरांनी नर्स म्हणून नोंदणी करायची. खरं तर त्यांची जागा तिथेच. इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा, मग ओएससीई नावाची प्रात्यक्षिकं, आणि आपल्याकडच्या नर्सिंग कौन्सिलकडून पडताळणी. एकावन्न दिवसांत यातलं काहीच पुरं होत नाही.

पाचवा, देशातच दुसरा स्पॉन्सर शोधून ८ नोव्हेंबरच्या आत अर्ज करायचा. तोच धरला.

एकाने ‘आसरा मागा, केस वर्षानुवर्षं चालते’ असंही सुचवलं. सिस्टर म्हणाल्या, ‘मिरजेत माझ्या जिवाला कसला धोका? डासांचा?’ तो विषय तिथेच मिटला.

काय केलं

पहिल्या चार दिवसांत तीन गोष्टी झाल्या. होम ऑफिसकडे ईमेलचा पत्ता बदलून घेतला. कामगारांना मोफत मदत करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेत वेळ घेतली आणि सल्लागाराने वरचे पर्याय तासाभरात चाळून दिले. तिसरी गोष्ट कागदांची. कंपनीच्या ॲपमध्ये पेस्लिपा आणि रोटा होते, आणि लायसन्स गेलेल्या कंपन्या ॲप कधी बंद करतील याचा नेम नसतो. सिस्टरांनी रात्रीत सगळं उतरवून घेतलं. पुढच्या आठवड्यात ॲप खरंच बंद झालं.

मग शोध. त्या काळी असे विस्थापित केअर कामगार नव्या मालकांशी जोडून द्यायला इंग्लंडच्या प्रत्येक विभागात सरकारी पैशावर चालणारं एक केंद्र होतं. तिथे नाव घातलं. पण नुसतं त्यावर विसंबले नाहीत. होम ऑफिस लायसन्सधारक मालकांची यादी उघडपणे प्रसिद्ध करतं, आणि केअर कंपन्यांची तपासणी करणाऱ्या सीक्यूसीच्या साइटवर प्रत्येकाचा शेरा असतो. दादा कोल्ड स्टोरेजचे हिशेबनीस. त्यांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावून एक तक्ता केला: लायसन्स आहे, शेरा ‘गुड’ किंवा त्यावर, आणि बसने किंवा रेल्वेने पोचता येतं.

तिसरा रकाना सगळ्यात निर्दयी ठरला. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये पहिले बारा महिनेच गाडी चालवता येते. ते जुलैत संपले होते, आणि चालू असतानाही दोघांनी स्टिअरिंग हातात घेतलं नव्हतं. घरोघरी जायच्या बहुतेक नोकऱ्यांत गाडी लागतेच. म्हणून उरली फक्त केअर होम, जिथे रहिवासी एकाच इमारतीत असतात.

तक्त्यात सत्तरच्या वर नावं झाली. सिस्टर रोज सकाळी मुलाला शाळेत सोडून आल्या की फोन लावायच्या. ईमेलला उत्तर येत नसे, फोनवर निदान ‘नाही’ तरी कळायचं. बहुतेकांचं म्हणणं एकच: लायसन्स आहे, पण देशात आधीपासून असलेल्या माणसांसाठी लागणाऱ्या सीओएसचा कोटा शिल्लक नाही, आणि वाढवून मागितला तर होम ऑफिस महिने लावतं. नोकरीची जागा रिकामी, करायला माणूस हजर, मधे कागद नाही.

निर्णयाचे क्षण

मुलाला आधी पाठवायचं का, यावर घरात सगळ्यात मोठं भांडण झालं. दादांचं म्हणणं होतं, आजीकडे पाठवू, खर्च कमी होईल, आपण दोघं कुठल्याही खोलीत राहू. सिस्टर म्हणाल्या, ‘अहो, पाठवायचं तर तिघं जाऊ.’ सल्लागाराने दोन गोष्टी पुढे ठेवल्या. मुलगा बाहेर असताना मुदत संपली तर त्याला परत आणायला भारतातून नवा अर्ज, टीबीचा दाखला, बोटांचे ठसे हे सगळं पुन्हा, आणि मंजुरी गृहीत धरता येणार नाही. शिवाय आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होतात, ऑक्टोबरात मधेच बसवलं तर वर्ष जाण्याचीच शक्यता. मुलगा राहिला. मला वाटतं हा या प्रकरणातला सर्वांत बरोबर निर्णय, आणि तो आईच्या हट्टामुळे झाला, नियमांचा दुजोरा मागून आला.

दुसरा क्षण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातला. शहरातल्याच एका छोट्या कंपनीने होकार दिला. सीओएस तयार, गाडीची अट नाही, लगेच देतो. फक्त ‘ट्रेनिंग बाँड’ म्हणून ३,५०० पौंड, रोख. त्याच आठवड्यात चाळीस मैलांवरच्या एका केअर होमने मुलाखत घेतली. औषधांच्या चुका कशा टाळता, रात्री कुणी पडलं तर काय कराल, असे प्रश्न. आयसीयूचं ऐकून मॅनेजर खूश. नोकरी दिली, पण सीओएस हातात नव्हता. कोटा वाढवून मागितला होता, उत्तराची वाट होती.

दादा पैसे द्यायच्या बाजूचे. ‘तेरा लाख घातले, आता पावणेचार लाखासाठी सगळं घालवायचं?’ मित्राकडून उसने मिळतही होते. सिस्टरांनी त्या कंपनीचं नाव तक्त्यात पाहिलं. लायसन्स होतं, पण सीक्यूसीने अजून एकदाही तपासणी केलेली नव्हती, आणि पत्त्यावर फर्निचरचं दुकान निघालं. काम मिळवून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणं ब्रिटनमध्ये बेकायदेशीर आहे. पण सिस्टरांचा मुद्दा कायद्याचा नव्हताच. त्या म्हणाल्या, जो पैसे घेऊन सीओएस देतो त्याचंही लायसन्स उद्या जाणार, मग पुन्हा साठ दिवस.

त्यांनी थांबायचं ठरवलं. शेवटची तारीख तीन आठवड्यांवर असताना थांबणं सोपं नव्हतं. दादांनी एक मर्यादा घातली: २८ ऑक्टोबरपर्यंत सीओएस आला नाही तर परतीची तिकिटं काढायची. ही मर्यादा मला शहाणपणाची वाटते, पैसे द्यायच्या बाजूला असूनही त्यांनी ती घातली. मुदत उलटून राहिलं आणि महिन्याहून जास्त झालं, तर पुन्हा व्हिसा मागताना बंदी लागू शकते. जायचंच तर आठ तारखेच्या आत, स्वच्छ नोंद ठेवून.

सीओएस २८ ला आला नाही. ३० ला आला. मधले दोन दिवस तिकिटं का काढली नाहीत, असं विचारल्यावर दादा म्हणतात, दिवाळीचे दर फार होते. खरं कारण विचारू नये.

अर्ज ४ नोव्हेंबरला गेला. तिघांची फी प्रत्येकी २८४ पौंड. आरोग्य अधिभार या व्हिसाला माफ. इथे तिसरा प्रश्न, पाच दिवसांत निकाल देणाऱ्या सेवेसाठी माणशी ५०० भरायचे का. कायद्याने घाई नव्हती. मुदतीच्या आत अर्ज गेला की निकाल लागेपर्यंत राहण्याचा हक्क चालू राहतो, १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टच्या ३-सी कलमाखाली. पण सिस्टरांना नव्या मालकाकडे निकालाआधी काम करता येत नाही, आणि साध्या अर्जाला आठ आठवडे. दोन महिन्यांचा पगार एका बाजूला, पाचशे पौंड दुसऱ्या बाजूला. फक्त सिस्टरांसाठी भरले. दादांचा आणि मुलाचा अर्ज साध्या रांगेत राहिला, कारण दादांचा कामाचा हक्क त्याच ३-सी खाली चालूच होता.

इथे दादांनी एक गोष्ट फार नेटकी केली. वेअरहाऊसच्या नोंदीत त्यांची मुदत ८ नोव्हेंबर दिसत होती. त्या दिवशी संगणक त्यांना बाद करणार हे उघड होतं. त्यांनी त्या तारखेच्या आधीच एचआरला गाठून अर्जाची पोच दाखवली आणि होम ऑफिसच्या तपासणी सेवेतून खात्री करून घ्यायला सांगितलं. अशी खात्रीची नोटीस मिळाली की मालक सहा महिने निर्धास्त असतो. ती आली. त्याच गोदामातला दुसरा एक डिपेंडंट गप्प राहिला, त्याला घरी बसवलं.

अर्ज चालू असताना देश सोडला की अर्ज मागे घेतला असं धरतात. सिस्टरांच्या भावाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच होतं. त्या गेल्या नाहीत.

निष्पत्ती

सिस्टरांचा व्हिसा नोव्हेंबरच्या मध्यात मंजूर झाला. काम सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. जुन्या कंपनीने शिफारसपत्र दिलं नाही, म्हणून मिरजेच्या दवाखान्यातल्या मेट्रन बाईंकडून मागवलं. दादा आणि मुलाचा निकाल जानेवारीत आला.

पगार ताशी ११.९० पौंड, त्या वर्षीच्या नियमाने केअर वर्करसाठी जी किमान अट होती तेवढाच. पण तास पूर्ण आणि रोटा चार आठवडे आधी. चाळीस मैलांमुळे मात्र घर मोडलं म्हणा ना. सकाळी सातच्या शिफ्टला कुठलीच बस किंवा रेल्वे पोचत नाही. सिस्टर आठवड्यातले चार दिवस होमच्या स्टाफ खोलीत राहायच्या, दादा रात्रपाळी सोडून दिवसपाळीवर आले आणि मुलाला शाळेआधीच्या ब्रेकफास्ट क्लबात घातलं. हे सहा-सात महिने चाललं. मग दादांनी ड्रायव्हिंगची परीक्षा पास केली, जुनी गाडी घेतली आणि बिऱ्हाड तिकडे हललं. त्या काळाबद्दल सिस्टर अजून बोलत नाहीत.

कापलेल्या तासांसाठी त्यांनी मालक-कामगार वादांत तडजोड घडवणाऱ्या ‘एकास’ या संस्थेकडे तक्रार घातली. तेव्हा मुदत तीन महिन्यांत एक दिवस कमी, ती थोडक्यात साधली. उतरवून ठेवलेले रोटा इथे कामी आले. मागणी ४,२०० पौंडांची, तडजोड १,९०० वर.

पतसंस्थेत सासऱ्यांनी सहा महिने फक्त व्याज भरायची सवलत मिळवली. पण ती नोव्हेंबरात, कारण तोवर त्यांना काही सांगितलेलंच नव्हतं. गणपतीत आणि दसऱ्याला व्हिडिओ कॉलवर सगळं हसतखेळत चालू होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्पॉन्सरांची यादी. लायसन्स स्थगित झालं की त्या मालकाचं नाव उघड यादीतून तात्पुरतं काढतात. यांच्या कंपनीचं नाव जुलैतच गायब झालं होतं, हे मागून कळलं. रोटा पातळ झाला तेव्हाच महिन्यातून एकदा ती यादी पाहिली असती तर दोन महिने जास्त मिळाले असते, पगार चालू असताना आणि मनावर तारीख नसताना. पत्र हा शेवटचा इशारा असतो, पहिला नव्हे. तास घटले आणि मालक ‘ऑडिट’ म्हणाला की शोध सुरू करायचा.

ईमेलबद्दल वेगळं सांगायला नको. आता ई-व्हिसा आल्यापासून त्याच्या ऑनलाइन खात्याला कुणाचा ईमेल आणि फोन जोडलाय, हे तर आजच पाहून घ्यावं.

एजंटच्या बाबतीत भारतातही दाद मागता येते. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. त्याला घेता येणाऱ्या शुल्काची मर्यादा ३० हजार रुपये आणि वर जीएसटी. ई-मायग्रेटच्या साइटवर नोंदणी तपासता येते, आणि मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे. तेरा लाख घेणाऱ्याची नोंदणी यांनी पाहिली नव्हती. तक्रार करायला आता दादा तयार आहेत, सासरे नाहीत. एजंट त्यांच्या ओळखीतून आलेला.

सासऱ्यांना न सांगण्यावरून नवरा-बायकोत आजही एकमत नाही. दादा म्हणतात, सांगितलं असतं तर बाबांनी रान विकायला काढलं असतं. सिस्टर म्हणतात, सप्टेंबरात सांगितलं असतं तर व्याजाची सवलत दोन महिने आधी मिळाली असती आणि मला दसऱ्याला खोटं हसावं लागलं नसतं. मी सिस्टरांच्या बाजूने आहे. पण रान विकण्याची भीती पोकळ नव्हती, हेही खरं.

आज हेच घडलं तर चित्र थोडं वेगळं असेल. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या केअर मालकाला परदेशातून माणूस आणण्याआधी देशातल्या विस्थापितांकडे बघणं सक्तीचं झालं. २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद आहे, आणि देशातल्या देशात या व्हिसावर येण्याची सोय जुलै २०२८ पर्यंत. म्हणजे विस्थापिताला जागा मिळणं काहीसं सोपं, पण एकदा बाहेर पडलं की केअर वर्कर म्हणून परतीची वाट नाही.

म्हणूनच सिस्टरांनी चौथा पर्याय आता हाती घेतलाय, जो खरं तर पहिल्याच वर्षी, वेळ आणि पैसा दोन्ही असताना घ्यायला हवा होता. इंग्रजीची परीक्षा झाली, संगणकावरची झाली. नर्सिंग कौन्सिलच्या पडताळणीचे कागद मुंबईत अडकलेत, आणि त्यासाठी मेहुण्यांच्या फेऱ्या चालू आहेत.